नाक्यावरचं नाक

मोहाच्या झाडाखाली पुरलेला तांब्याचा हंडा. शमीमच्या डोक्यावरची बांगड्यांची पेटी. जप्त झालेले सात विळे. घोरणाऱ्या नवऱ्याची मिशी.

१९८४. चिमूरच्या बाजाराचा दिवस. जंगलनाका.

"हात."

रांगेतली भागीरथा पुढे झाली आणि तिने दोन्ही हात पत्रू गार्डाच्या नाकाखाली धरले. त्याची पद्धतच ती होती. राखीव जंगलातलं तिखाडी गवत कापलं की त्याचं तेल हातात मुरतं. आधी लिंबाच्या सालीसारखा चावणारा वास, मग गुलाबाचा, शेवटी ओल्या पाल्याचा गारवा. राखेनं जात नाही, साबणानं जात नाही. वास आला की विळा जप्त. तिसऱ्यांदा आला की खटला. भागीरथाचे दोन विळे गेले होते.

"धुतले बी नाई?"

"हात चोर धुते. मी काऊन धुवू?"

पत्रूने हुंगलं. सकाळपासूनच त्याला वाटत होतं, आज कोणीतरी सापडणार. "तिखाडी! बस जीपमधी."

जीपमध्ये रेंजरसाहेब बसले होते.

"बसीन ना. पण कायदा साऱ्याईले सारखा. रांगेतले सारे हात सुंग, पत्रूभाऊ."

साहेबांनी मान हलवली.

मागे शमीम होती. बांगड्या विकणारी, जंगलात कधी पाय न टाकलेली. पत्रूने हुंगलं. तिखाडी. शाळेच्या मास्तरीणबाई. तिखाडी. जीपचा ड्रायव्हर. तिखाडी. पत्रूला घाम फुटला. "साहेब, जरा आपला हात..."

हुंगलं.

"तिखाडी," तो पुटपुटला.

"मंग साहेबाले बी धर!" भागीरथा म्हणाली.

रांग फुटून हसली. "सरकारनं नाक्यावर नाक बसवलं, थे बी बिघडेल हाय!"

साहेबांनी आपलं मनगट हुंगलं. नुसता साबण होता.

"या नाकाच्या भरवशावर मी खटले भरू? विळे देऊन टाक."

भागीरथाने आपले दोन उचलले. धार अंगठ्यावर पाहिली. बाजाराकडे न जाता ती मागे वळली, पत्रूच्या डोळ्यांदेखत, सरळ जंगलात.

उरलेल्या पाच विळ्यांतला एक नीलाबाईच्या आईचा होता. नीलाबाई पत्रूची बायको. त्या सकाळी, तो झोपेत असताना, तिने त्याच्या मिशीला मोहाखालच्या हंड्यातलं, शमीमच्या पेटीतून आलेलं तिखाडीचं तेल चोळलं होतं.