आईची चाल

यामिनी बादली घेऊन गच्चीवर गेली आणि तशीच कोरडी बादली घेऊन खाली आली. "अहो, जरा वर या ना."

सुधाकर वर गेला. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून रात्रभर उडून येणारी काळी धूळ रोजच्यासारखीच फरशीवर पसरली होती. त्या धुळीत पावलं होती. एक पाऊल सरळ उमटलेलं, शेजारी दुसऱ्या पायाची नुसती ओढलेली रेघ. पुन्हा पाऊल, पुन्हा रेघ. कठड्यापर्यंत जाऊन वळलेली, परत जिन्याशी आलेली.

आईला जाऊन अकरा दिवस झाले होते.

"कालही होती," यामिनी हळूच म्हणाली. "मी पुसून टाकली. कोणाजवळ बोलले नाही."

त्यांची मुलगी अनुश्री मागून येऊन बघत राहिली. "पापा, आजी आई थी क्या?"

"चूप!" सुधाकर म्हणाला, पण त्याच्या अंगावर काटा आला होता. अर्धांगवायूनंतर आई अशीच चालायची, डावा पाय ओढत. सात वर्षं. ती चाल पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं, लहान पोरही ओळखायचं.

दिवसभर माणसं भेटायला येत राहिली. दयारामकाका म्हणाले, "वर्धेहून इथं येऊन रेल्वेत लागलो, तेव्हा दोन महिने याच घरी जेवलो. वनमालावहिनीनं एकदा बी विचारलं नाही, खोली कधी पाहतोस म्हणून." समोरच्या शंकरची बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मोर तीनों जचकी माई कराइस." तिची तिन्ही बाळंतपणं आईनंच केली होती. गल्लीतल्या चार जणी तिच्याच हाताखाली शिवण शिकलेल्या. आईनं कोणाकोणाला झापलं होतं, ते सांगताना त्या हसल्या आणि हसता हसता रडल्या. जाताना प्रत्येक जण तेच म्हणे, "गेली असं वाटूनच नाही राहिलं." सुधाकर दर वेळी दचके.

बाबा, श्यामराव, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. कोणी बोललं की मान हलवत. बस.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सुधाकर उठला. बाबांचा पलंग रिकामा होता. तो जिना चढला आणि वरच्या दाराशीच थबकला.

बाबा चालत होते. अनवाणी, डावा पाय ओढत. उजवा हात कोपरात वाकवून त्यांनी अधांतरी धरला होता. कठड्याशी ते थांबले. जरा वेळ उभे राहिले, कोणाला तरी दम खाऊ द्यावा तसे. मग सावकाश वळले.

"बाबा, पायाले काय झालं तुमच्या?"

"मले काय होते?" बाबा चालतच म्हणाले. "मी लांब पावलं टाकली, का तिचा तोल जाते."

वॉकर आणला त्याच दिवशी आईनं तो पलंगाखाली सारला होता. मले तुमचा हात पुरे, म्हणाली होती. तेव्हापासून रोज सकाळी दोघं इथं फिरत. सुधाकर त्या वेळी झोपलेला असायचा.

"बाबा," तो म्हणाला, "आई तर..."

"मले माहीत आहे रे. घाटावर मी नव्हतो का?" बाबा थांबले. त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं. "पण याले कोण सांगन?"

गल्लीत दूधवाल्याची घंटी वाजली. समोरच्या घरात कोणीतरी नळ सोडला. बाबांचे पाय घोट्यापर्यंत काळे झाले होते. इतक्या दिवसांत आपण त्यांच्या पायाकडे पाहिलंच नाही, हे सुधाकरच्या ध्यानात आलं.

"चला खाली. यामिनीनं चहा ठेवला असेल." तो पुढं झाला आणि बाबांचा तो अधांतरी हात धरायला गेला.

बाबांनी हात मागं घेतला. रागानं नाही.

"त्या बाजूनं नको," ते म्हणाले. "इकडून ये."

सुधाकर वळसा घालून डावीकडे आला. त्यानं बाबांचा दुसरा हात धरला आणि त्यांच्या पावलानं, हळूहळू, जिन्याशी आला. जिना अरुंद होता. तिघं काही त्यात मावले नसते.

सुधाकरनं हात सोडला.

"तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.