आतून उत्तर येईपर्यंत

तिघींचं पुन्हा एकदा गाऊन झालं, तरी आतून उत्तर आलं नाही.

कावेही बंद दारासमोर अनवाणी उभी होती. एका बाजूला मोमी आंटी, दुसऱ्या बाजूला लेहुआ. हुला नाचाच्या मधल्या वर्गातून वरच्या वर्गात जायचं, तर उलुलानींच्या घरची रीत ठरलेली होती. दाराबाहेर उभं राहून, गाण्यातूनच, आत येऊ का म्हणून विचारायचं. उलुलानींनी आतून गाऊन साद दिली, तर दार लोटायचं. नाही दिली, तर मुकाट्याने घरी जायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. उलुलानी म्हणजे त्यांच्या गुरू. त्यांना सगळे कुमूच म्हणत, आणि कुमूंपुढे कुणी वाद घालत नसे.

कावेही गेल्या वर्षी अशीच परत गेली होती. त्याच्या आदल्या वर्षीही. तिच्या मागून आलेल्या पोरी वरच्या वर्गात जाऊन सणासमारंभात नाचायला लागल्या, आणि ही पोस्टातली नोकरी सांभाळून, गुडघ्याला पट्टा बांधून अजून मधल्याच वर्गात. पाय चुकत नव्हते, हात चुकत नव्हते. शब्द तर झोपेतून उठवलं असतं तरी धडाधड म्हणून दाखवले असते. मग अडतंय कुठे, असं मागच्या खेपेला तिने धीर करून विचारलंच. कुमू एवढंच म्हणाल्या होत्या, "तू विचारत नाहीस गं. मागतेस."

तेव्हापासून ते वाक्य तिच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं होतं.

लेहुआने पायात चपला सरकवल्या. तिचं वय लहान, तिला कसलीच घाई नव्हती. आज काही खरं नाही, त्यापेक्षा बाजारात जाऊन साखरेत घोळलेले, तळलेले गरम मलासादा खाऊ, असं ती म्हणाली. मोमी आंटींनीही कावेहीचा दंड धरला.

"चल बाई. बंद दाराशी हट्ट करू नये."

"तुम्ही व्हा पुढे," कावेही म्हणाली.

त्या दोघी फाटकापाशी, फणसासारखी फळं धरणाऱ्या, मोठ्या पानांच्या उलूच्या झाडाखाली तिची वाट बघत उभ्या राहिल्या. कावेही पायरीवर बसली. आता उठायचंच नाही, असं तिने ठरवलं. दार कधीतरी उघडेल. मग सांगून टाकायचं, की झालं एवढं पुरे, गावात दुसरे वर्ग आहेत, तिथे माणसाला माणूस म्हणून उत्तर तरी देतात. मनातल्या मनात ती वाक्यं जुळवत राहिली. एकेक वाक्य आधीच्यापेक्षा धारदार होत गेलं.

आणि मग तिच्या लक्षात आलं की आत किटलीची शिट्टी वाजते आहे.

केव्हापासून वाजत होती, कोण जाणे. समुद्राच्या वाऱ्यात ती मिसळून गेली होती. कुमूंना ती शिट्टी मुळीच सहन होत नसे. ऐन नाचाच्या मध्येही ताल थांबवून त्या उठत आणि शेगडी बंद करून येत.

कावेही उठली. दारावर हात ठेवला आणि तसाच मागे घेतला. पूर्वी एका मुलीने न बोलावता हे दार उघडलं होतं. त्यानंतर तिचं नाव या घरात पुन्हा कुणी घेतलं नाही. शिवाय, कुमूंचं काय सांगावं? ही किटलीसुद्धा परीक्षाच असेल. धीर किती आहे ते बघत असतील, आतून ऐकत असतील.

तिने पुन्हा गायला सुरुवात केली. घसा कोरडा पडला होता. चाल घसरली, आवाज लहान पोरीसारखा कापायला लागला. वरचा वर्ग, मागून आलेल्या पोरी, काही म्हणजे काही तिच्या मनात उरलं नव्हतं. आत कुणी आहे ना, एवढंच ती विचारत होती.

गाणं संपलं. किटलीची शिट्टी बारीक होत होत बंद पडली आणि धातू करपल्याचा वास आला.

कावेहीने दार ढकललं.

कुमू चटईवर बसलेल्या होत्या, भिंतीला कलून. ताल धरायचा वाळका भोपळा हातातून सुटून कोपऱ्यात गडगडत गेला होता. तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि उजवा हात मांडीवर दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडला होता. डोळे मात्र सताड उघडे, दारावर लागलेले. ओठ हलत होते.

कावेही गुडघ्यांवर बसली आणि तिने कान जवळ नेला. नुसती घरघर होती. पण त्या घरघरीला चाल होती. आत या म्हणून सांगणाऱ्या गाण्याची पहिली ओळ, अर्ध्यात तुटणारी, पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी.

"आले, कुमू," ती म्हणाली. "मी आले आत."

मग तिने दाराकडे वळून त्या दोघींना हाका मारल्या.

रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या तरुणाने कुमूंच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, डावा हात दाबून पाहिला, उजवा दाबून पाहिला. मग तो कावेहीकडे वळला.

"आंटी, नीट आठवून सांगा. यांचं बोलणं कधी गेलं? औषध आहे, पण ते वेळेतच द्यावं लागतं."

मोमी आंटी आणि लेहुआ दारात उभ्या होत्या.

"आम्ही सकाळी पहिल्यांदा गायलो," कावेही म्हणाली, "तेव्हाच उत्तर आलं नव्हतं."

"मग तेव्हाच आत का नाही गेलात?"

स्ट्रेचरचे पट्टे आवळले जात होते. कुमूंची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

"आम्हाला वाटलं," कावेही म्हणाली, "त्या नाही म्हणताहेत."