भर दुपारी दिवेलागण

यंत्र कधीच चुकत नाही, चुकतो तो माणूस, असं मी पॉलिटेक्निकच्या मुलांना वीस वर्षं शिकवत आलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी हॉलमध्ये उभा राहून एका यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

अंधार पडला की घरभर दिवे लावणारी ती पेटी मीच हौसेनं दारावर बसवली होती आणि भिंतीवरची बटणं काढून टाकली होती. कालपासून ती दिवसाढवळ्याही दिवे लावत होती. मोबाइलवरून बंद केले की मिनिटभरात पुन्हा लख्ख. पेटीखालच्या खुर्चीत, परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले अण्णा काळ्या चष्म्यावर टॉवेल धरून बसले होते.

"मेन स्विच पाड की."

"पंखा जाईल, अण्णा. पुन्हा प्रोग्रॅम करतोय."

"चौथ्यांदा?"

मी कंपनीला फोन लावला. "कसलं भंगार विकता हो? माझ्या वडिलांचा डोळा गेल्यावर येणार का?"

"सर, पेटीला उजेड ओळखणारं भिंग असतं," पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली. "त्यावर काही आलंय का, बघता?"

"बाई, मी इंजिनिअर आहे!" मी फोन सोफ्यावर आपटला.

अण्णांनी टॉवेलाआडून नाक वर केलं. "मला काही दिसत नाही बाबा. पण इथं वर झेंडूचा वास कसला येतोय?"

मी वर पाहिलं. दसऱ्याची माळ बरोबर भिंगावर लोंबत होती.

काल पूजा मीच केली होती.