पंधरावं रीळ

“ओ ऑपरेटर, जागे असाल तर सिनेमा दाखवा!”

पंचेचाळीस वर्षांपूर्वी पहिल्या रांगेतून आलेली ती हाक दिगंबररावांना अजून स्वच्छ ऐकू येते. घरातल्यांच्या हाका मात्र हल्ली तितक्याशा येत नाहीत.

दर रविवारी दुपारी बिबवेवाडीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सगळ्यांनी मिळून एक जुना सिनेमा पाहायचा, हा नातीचा, अवनीचा नियम. निवड अगदी लोकशाही पद्धतीनं होते. सगळे सुचवतात, आजोबा नाकारतात. एकात नायक फार नाचतो, एकात नायिका फार रडते, एकाची प्रिंट तेव्हाच खराब होती.

“आजोबा, तुम्ही थिएटरात ऑपरेटर होतात की सेन्सॉर बोर्डात?”

“ऑपरेटर. दिवसाला चार खेळ दाखवलेत. म्हणून तर तुमच्यावर ती वेळ येऊ नये असं वाटतं.”

त्या रविवारी मात्र उल्काबाई बोलल्या. आजवर त्यांनी कधी काही सुचवलं नव्हतं.

“तो बहीण-भावाचा लाव गं.”

“तो नको,” दिगंबरराव लगेच म्हणाले. “रटाळ आहे.”

आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून आमोदला, त्यांच्या मुलाला, त्या शब्दाची भीती उरली नव्हती. त्यानं सिनेमा शोधला आणि लावला.

दिगंबररावांना सिनेमाची भीती नव्हती. भीती होती पंधराव्या रिळाची. त्या काळी एकच प्रिंट दोन थिएटरांत चालायची. तिकडची रिळं संपली की डबे सायकलवरून इकडे यायचे. त्या दिवशी सायकल उशिरा आली. पडदा पांढरा, शिट्ट्या, आणि पहिल्या रांगेतून ती हाक. घाईघाईत दिगंबररावांनी पंधराव्याऐवजी शेवटचं, सोळावं रीळ मशिनवर चढवलं. बहिणीच्या बंद दारातून परत फिरलेला भाऊ एकदम रेल्वे स्टेशनवर उभा राहिला, गाडीत बसला, आणि खेळ संपला. चहा गार मिळाला तरी वर्तमानपत्राला पत्र लिहिणाऱ्या या पुण्यात एकानंही तक्रार केली नाही. सगळ्यांना बस गाठायची होती.

बाल्कनीत पासावर उल्काबाई बसल्या होत्या. लग्नाला पाच महिने झाले होते. “रिळं गुंडाळणाऱ्याला बहीण देणार नाही,” असं म्हणून त्यांचा थोरला भाऊ, हिंमतराव, लग्नाला आला नव्हता. त्याच आठवड्यातल्या भाऊबीजेला तो सकाळी दारात उभा राहिला, संध्याकाळी पुन्हा. दोन्ही वेळा उल्काबाईंनी आतून कडी लावली.

“सिनेमातल्या बहिणीनं तरी कुठं उघडलं?” त्या दाराकडे पाठ करून म्हणाल्या.

उघडलं होतं. पंधराव्या रिळात. ते रीळ डब्यात राहिलं होतं आणि हे ठाऊक असलेला माणूस त्यांच्या शेजारी उभा होता. पण दाराबाहेरच्या मेव्हण्यानं त्याला बिनकामाचा ठरवलं होतं, आणि आपली चूक कबूल करून मेव्हण्याचंच म्हणणं खरं ठरवावं, इतकं मोठं त्याचं मन नव्हतं.

हिंमतराव मंडईमागे राहतात. बिबवेवाडीहून बसनं पंचवीस मिनिटं. पंचेचाळीस वर्षांत ती बस काही मिळाली नाही. मागच्या आठवड्यात आमोदला मामा मंडईत दिसले, काठी टेकत एकेक पायरी उतरताना. त्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा उल्काबाई मेथी निवडत होत्या. निवडलेली जुडी त्यांनी पुन्हा निवडायला घेतली.

सिनेमा पुढे सरकत होता. दिगंबररावांनी दोनदा नेट स्लो असल्याचं जाहीर केलं, एकदा रिमोटवर बसून पाहिलं. मध्यंतराला त्यांनी स्वतः उठून सगळ्यांना चहा केला, तेव्हा मात्र अवनीला संशय आला.

“आजोबा, बरं वाटत नाहीये का?”

पडद्यावर भाऊ बहिणीच्या दारात आला. हाक मारली. दार हललं नाही. तो परत फिरला. आता स्टेशन यायला हवं होतं, आलं नाही. दिवेलागणीला तो पुन्हा आला. पुन्हा हाक, पुन्हा बंद दार. आणि पहाटे, अंगणात सडाही पडला नव्हता तेव्हा, तो तिसऱ्यांदा आला. या वेळी त्यानं हाक मारलीच नाही. नुसता उंबऱ्याशी बसला, दाराला डोकं टेकून, लहानपणी बसायचा तसा. आतून कडी निघाली.

उल्काबाई पडद्याकडे बघत होत्या. दिगंबरराव त्यांच्याकडे.

“उल्का,” ते म्हणाले, “हे रीळ त्या दिवशी मी लावलंच नाही. चुकलो. आणि भाऊबीजेला तू कडी लावलीस तेव्हाही गप्प बसलो. तुझं माहेर माझ्यामुळे तुटलं.”

आमोदनं सिनेमा थांबवला. बहिणीचा हात भावाच्या डोक्यावर तसाच राहिला.

“ठाऊक आहे,” उल्काबाई म्हणाल्या. “शेवट तुटका वाटला म्हणून दुसऱ्याच दिवशी त्या दुसऱ्या थिएटरात जाऊन अख्खा पाहिला होता. तिकीट काढून. तिथला ऑपरेटर बरा होता.”

दिगंबररावांना हे मात्र नीट ऐकू आलं.

“अगं, मग... सगळं माहीत असून कडी लावलीस?”

उल्काबाईंनी पदरानं चष्मा पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

“तिनं तिसऱ्या खेपेला उघडलं हो,” त्या म्हणाल्या. “आमचा दादा दोनदाच आला.”