प्रेक्षकांतले नट

शरच्चंद्र मास्तरांनी सोलापुरात नव्या तऱ्हेचं नाटक लावलं. निम्मे नट प्रेक्षकांतच बसतील, हे आधीच जाहीर केलेलं.

लुगडं नेसून बायको झालेल्या नंदूला रंगमंचावरचा नवरा बदडू लागला, तशी बायकांच्या बाकांवरून एक बाई उठून ओरडली, "आमच्या घरीबी असंच मारत्यात की हो!"

पुरुषांतून तिचा नवरा तरातरा आला आणि त्यानं तिच्या थोबाडीत भडकावली. टाळ्या कडाडल्या.

"अहो, हे नाटकातले नव्हेत!" मास्तर विंगेतून किंचाळले.

"काय बेमालूम काम करतात!" पुढच्या रांगेतले रावसाहेब गहिवरले. सारं थिएटर ओरडू लागलं, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

 

त्या बाईच्या नवऱ्यानं टोपी सावरली, रसिकांना वाकून नमस्कार केला आणि पुन्हा हात उचलला.