आमचा सम्राट गिटार वाजवत न्हाय

"पेंडीच्या पोत्यामागं टाक ती, आणि वर ताडपत्री घाल," आक्का ओसरीवरनंच म्हणाली. "पावणं गल्लीत आल्यात."

सम्राट स्टील गिटार पोटाशी धरून गोठ्याकडं पळाला.

पावणं सांगितल्या वेळेच्या बरेच आधी आले होते. जेवणाच्या वेळेला पोचतो, असं मुलीच्या वडिलांनी, गारगोटीच्या मास्तरांनी, कळवलेलं, आणि इथं अजून पोह्यांना फोडणी पडायची होती. पण गडमुडशिंगीत पावण्याला लवकर का आलात असं कुणी म्हणत नाही. चौकात मोटार थांबवून कुणी सम्राटचं घर विचारलं, की चार जण पुढं होऊन थेट उंबऱ्यावर आणून सोडतात. तसंच झालं.

आक्का सम्राटची थोरली बहीण. भावाचं जमवायचं म्हणून सासरहून मुद्दाम आलेली. आधीची सगळी स्थळं एकाच कारणानं गेली होती. पोरगा ऑर्केस्ट्रात वाजवतो. बरं, वाजवतो ते तरी सरळ? गिटार मांडीवर आडवी, आणि तारांवरनं पोलादी कांडी फिरवायची. त्यांचे वडील पिराजी त्याला 'इस्त्री करणं' म्हणत. गणपतीत, बारशाला, कुणी रिटायर झालं तर तिथं, बोलावतील तिकडं सम्राट जायचा आणि पहाटे परत येऊन म्हशींच्या धारा काढायचा. 'नाव कधी व्हईल तुझं?' म्हणून विचारलं, तर नुसता हसायचा.

या वेळी मात्र पिराजींनी बजावलं होतं. हे लग्न ठरलं की गिटार बंद, ऑर्केस्ट्रा बंद. सम्राट खाली मान घालून 'बरं' म्हणाला. ते 'बरं' आक्काला अजून टोचत होतं.

पन्नाशीचे पावणं आणि त्यांच्याबरोबर मुलगी, एवढेच आले होते. मुलगी येणार हे ठरलेलंच. आधी घर आणि पोरगा मी बघणार, मग तुम्ही मला बघा, अशी तिची अटच होती. मोबाईलवरच्या फोटोत तिचे केस कमरेपर्यंत होते, इथं जेमतेम खांद्यापर्यंत. कापले असतील, आक्का मनात म्हणाली. हल्लीच्या पोरींचं काय सांगावं.

पिराजींचं मास्तरांशी आजवर फोनवरच बोलणं झालेलं. त्याची सगळी कसर त्यांनी आता भरून काढली. पाणी दिलं, पोहे दिले, म्हशी दाखवल्या, म्हशींच्या आया कुठल्या बाजारातल्या तेही सांगितलं. पावणं मध्येच काही बोलायला बघत होते, पण पिराजी श्वास घेतील तर ना.

शेवटी पावण्यांनी बशी खाली ठेवली.

"मुलाबद्दल आम्ही थोडं ऐकलंय," ते म्हणाले. "गणपतीत राजारामपुरीत एक जण स्टील गिटार वाजवत होता. तो हाच ना?"

आली का पंचाईत. सम्राटनं आक्काकडं बघितलं.

"छ्या," आक्का म्हणाली. "आमचा सम्राट गिटार वाजवत न्हाय."

"कधीच नाही?"

"शिट्टीसुदिक वाजवत न्हाय ओ. म्हशी, डेरी आणि घर. दुसरीकडं नजर न्हाय पोराची."

"दुसरा कोणतरी सम्राट असंल," पिराजींनी जोड दिली. "कोल्हापुरात सम्राटांना काय तोटा हाय व्हय."

मुलीचा चेहरा उतरला. पावण्यांनी तिच्याकडं बघितलं आणि हात झटकून ते उठले.

"मग आमचंच चुकलं. तुम्हाला उगाच त्रास दिला. निघतो आम्ही."

आक्काला वाटलं, पकडलं खोटं. चौकशी करून आलेली माणसं, त्यांना काय असल्या थापा पचणार? काहीतरी सारवासारव करावी म्हणून ती वळली आणि तिला सम्राट दिसला. तो आपल्याच तळहातांकडं बघत बसला होता. लहानपणी बैलगाडीखाली पाय सापडला तेव्हासुद्धा हूं की चूं न करणारं पोर, त्याचे डोळे भरून आले होते. आक्काला स्वतःचीच लाज वाटली. जळो ते स्थळ.

"थांबा, पावणं," ती दारात आडवी उभी राहिली. "खोटं बोललो आम्ही. त्यो ह्योच. वाजवतोय आणि लई झ्याक वाजवतोय. पोरगा पाहिजे असंल तर गिटारीसकट पसंत करा. न्हायतर खुशाल जावा."

पिराजींनी कपाळाला हात लावला.

पावणं एक चप्पल पायात आणि एक हातात, तसेच थांबले.

"अहो, मग मघापासनं लपवलंत कशाला? आणा की बाहेर. ऐकू तरी."

सम्राट गोठ्यातनं गिटार घेऊन आला. तारांत अडकलेलं कडब्याचं पान काढलं, मांडी घातली आणि कांडी ठेवली. पहिला सूर लांबत, वळत निघाला. मुलगी हलकेच गुणगुणायला लागली. ती सूर नेईल तिकडं सम्राटचा हात जात होता, आणि तो नेईल तिकडं ती. घरात गाणारी सून येणार, या विचारानं आक्का सुखावली. पिराजींचा पायाचा अंगठा ठेका धरत होता, पण त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

वाजवणं थांबलं. पावण्यांनी मुलीला नुसतं भुवईनं विचारलं.

"हाच," ती म्हणाली. "दुसरा बघायलाच नको."

"झालं तर मग," पावणं हसले. "आम्हाला पसंत. गिटारीसकट."

आक्कानं सम्राटच्या पाठीत आनंदानं असा धपाटा घातला की कांडी खाली पडली. मुलगी मिळाली आणि गिटारही राहिली, याहून आणखी काय पाहिजे? पिराजी डोळे पुसत साखरेचा डबा शोधायला उठले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी नेहमीसारखा स्पीकर लावला.

"रामराम पिराजीराव, गारगोटीहून मास्तर बोलतोय. आत्ता निघतोय बघा आम्ही, मुलीचं आवरायला जरा उशीर झाला."

"कुठली मुलगी?" पावणं गोंधळून म्हणाले, "आम्ही तर हिच्या गाण्यांना स्टील गिटार वाजवणारा शोधत आलोय."