चांदणीचं खातं

‘स्वागत आहे, चांदणी. तुमचं खातं तयार झालं आहे.’

शिवकन्येनं मेल पुन्हा वाचला. पत्ता तिचा होता, नाव तिचं नव्हतं. खाली निळं बटण होतं: हे खातं तुम्ही उघडलं नसेल तर इथं दाबा. तिनं दाबलं नाही.

मेल त्याच संकेतस्थळाच्या नावानं आला होता जिथं ती आपले व्हिडिओ टाकायची. एम.एस्सी. होऊन घरी आल्यापासून ती कधी चुलीपुढं, कधी विहिरीवर उभी राहून साध्या मराठीत विज्ञान सांगत होती. बघणारे थोडेच होते, पण मन लावून बघणारे होते. बेंबळीच्या सिताबाईंनी विचारलं होतं, दुधावर साय येते तर पाण्यावर का येत नाही. ढोकीच्या मोनिकाला उसाचा रस उकळताना वर फेस का जमतो ते हवं होतं. उमरग्याच्या राजेश्वरीताई सगळ्यांत चिवट. थंडीत शेळीच्या नाकातून दिसणारी वाफ उन्हाळ्यात कुठं जाते, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर मिळाल्यावर त्या उत्तरावरच पुढचा प्रश्न काढला. यांतल्या एकीलाही शिवकन्येनं पाहिलं नव्हतं. तरी कॅमेऱ्यापुढं उभी राहिली की ती त्यांच्याशीच बोलायची.

आता कुणी तिच्या खात्यात शिरलं, तर याच बायकांना तिच्या नावानं भलतीसलती लिंक जाणार. आणि त्या ती विश्वासानं दाबणार.

तिनं पाठवणाऱ्याचा पत्ता एकेक अक्षर करून तपासला. खरा वाटत होता. तरी मेलमधून न जाता ती स्वतः संकेतस्थळावर गेली आणि पासवर्ड बदलला. तिचं खातं जागेवर होतं. कुणी हात लावल्याची खूण नव्हती. राहता राहिलं ते नाव. चांदणी म्हणजे परवा जन्मलेलं करडू. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून शिवकन्येनंच ते नाव ठेवलं होतं. घराबाहेर अजून कुणाला ते माहीतही नव्हतं. भामट्याला कुठून कळलं?

“काय झालं गं?” आईनं भाकरी थापता थापता विचारलं.

“माझ्या पत्त्यावर कुणीतरी खातं काढलंय.”

“बाप शेळ्यांत, लेक फोनात,” आई म्हणाली. “माझं बी एक खातं काढ म्हणावं. बोलायला तरी कुणी भेटंल.”

शिवकन्या अंगणातल्या बाजेवर जाऊन बसली. आधी बायकांना सावध करायला हवं होतं. सिताबाईंच्या जुन्या प्रश्नाखाली तिनं लिहिलं: माझ्या नावानं कुठलीही लिंक आली तर दाबू नका. आणि पाठवलं.

शेळ्यांच्या शेडात टिंग वाजलं.

तिनं लक्ष दिलं नाही. मोनिकाला तेच लिहून पाठवलं. पुन्हा टिंग.

तिनं मान वर केली. शेडात अप्पा सुबाभळीचा पाला टाकत होते. तिचा जुना फोन त्यांच्या खिशात असायचा. फोन उचलता आला की बास, त्यातलं बाकी काही आपल्याला कळत न्हाय, असं ते सगळ्यांना सांगायचे.

योगायोग असू शकतो. तिनं थोडा वेळ काहीच पाठवलं नाही. शेडातही काही वाजलं नाही. मग तिनं राजेश्वरीताईंना एकच शब्द पाठवला: नमस्कार.

टिंग.

ती उठून शेडाच्या दारात उभी राहिली. अप्पांनी तिच्या हातातला फोन पाहिला आणि पाल्याची पेंडी खाली ठेवली.

“ह्या बारीला नवं खातं पुढंच जाईना,” ते म्हणाले. “अजून कुणाचा तरी पत्ता टाका म्हनलं. म्हणून तुझा टाकला.”

“चांदणीचं कळलं. पण सिताबाई? राजेश्वरीताई?”

अप्पांनी हनुवटीनं दावणीकडं दाखवलं. “ती बांडी, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची, ती सिताबाई. बेंबळीस्नं आणली. ती शिंगमोडी उमरग्याची. ज्या घरनं शेळी आणायची त्या घरच्या बाईचं नाव तिला द्यायचं. तुझी आजी तसंच करायची. कानाला वळखीचं नाव असलं की जनावर लवकर रुळतंय. तू शिकायला गेल्यावर आणल्यात समद्या, आन् रुळल्यावर नावानं कोण हाक मारतंय, तुला कुठनं ठावं असणार?”

शिंगमोड्या राजेश्वरीताई तिच्याकडं बघत शांतपणे पाला चघळत होत्या.

“अप्पा, हे फसवणुकीत मोडतं.”

“कुणाच्या? शेळीच्या?”

तिला हसू आलं आणि लगेच गेलं. ज्यांच्याशी ती इतके दिवस बोलत होती त्या बायका दावणीला बांधलेल्या होत्या.

“म्हणजे माझं बघणारं कुणीच नाही.”

“म्या हाय की. पयल्यापस्नं समदं बघितलंय.”

“मग एका नावानं बघायचं ना. एवढी खाती कशाला?”

अप्पांनी चांदणीला उचलून तिच्या आईच्या आचळाला लावलं. करडू ढुशा देत पिऊ लागलं तसं त्यांनी मागं न वळताच उत्तर दिलं.

“बघायला एक पुरलं असतं. इचारायला पुरना. एकाच माणसानं लई इचारलं की शिकवणारा वैतागतोय, बाई. शाळेत मला त्यापायीच भाईर बसवायचे.”